घाट, बॅटरी आणि आप्पा

बँकेत बावीस वर्षे नोकरी केली की माणसाच्या दोन गोष्टी वाढतात. एक पोट आणि दुसरे ‘आता पूर्वीसारखे राहिले नाही’ असे म्हणण्याचे प्रमाण. पगारही वाढतो, पण तो घरात शिरण्याआधीच गृहकर्जाच्या हप्त्याला शब्द देऊन आलेला असतो. त्यामुळे त्याला वाढ म्हणण्याचा प्रघात आमच्या घरी नाही.

माझ्या पोटाकडे पहिल्यांदा लक्ष गेले ते डॉक्टरांचे. ते म्हणाले, “व्यायाम काय करता?”

मी म्हणालो, “दोन नंबरच्या काउंटरवरून पाच नंबरच्या काउंटरवर बदली झालीय. चालणं वाढलंय.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर ‘सायकल’ असे लिहून दिले. औषधासारखेच, न लागणाऱ्या अक्षरात.

आता मी कॉमर्सचा पदवीधर. कुठलीही गोष्ट करायची तर तिच्यात काही मुद्दल, काही व्याज, काही मुदत पाहिजे. नुसते रोज सकाळी गोडोलीपर्यंत जाऊन परत यायचे, यात मला काही शिल्लक दिसेना. म्हणून एका दुपारी डबा खाताना मी शाखेत जाहीर केले, “येत्या डिसेंबरात मी सायकलवरून महाबळेश्वरला जाणार. सातारा, वाई, पाचगणी, महाबळेश्वर; आणि परत केळघर घाट उतरून मेढ्यावरून सातारा. तीन दिवस. सगळं सामान सायकलवर.”

क्षणभर डब्यांची झाकणेसुद्धा वाजली नाहीत. मग हेड कॅशियर म्हणाले, “विम्याचा हप्ता भरलायत ना?”

क्लिअरिंगला एक नवीन मुलगा आला आहे. तो अजून ज्येष्ठांचा अपमान आणि ज्येष्ठांना सल्ला यांत फरक करत नाही. तो म्हणाला, “सर, तुम्ही इलेक्ट्रिक घ्या.”

मला राग आला. पण त्याच वेळी टेबलाखाली माझ्या उजव्या गुडघ्याने ठरावाला अनुमोदन दिले.

खरी अडचण मात्र गुडघ्याची नव्हती. आप्पांची होती.

आप्पा म्हणजे आमचे वडील. वय शहात्तर. त्यांचे वाईला बाइंडिंगचे दुकान होते. वाई हे ढोल्या गणपतीचे, विश्वकोशाचे आणि घाटांचे गाव. कृष्णेला तिथे घाटच घाट आहेत. पण आप्पांचा घाट एकच, पसरणीचा. पाचगणीच्या निवासी शाळांना वह्या लागत. जून आला की आप्पा सायकलच्या कॅरिअरला वीस डझन वह्या बांधत, वर मेणकापड टाकत आणि बारा-तेरा किलोमीटरचा घाट चढून जात. सायकल चोवीस इंची, काळी, बिनगिअरची. 

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. कथा तीच; वह्या मात्र दरवर्षी वाढत. मी दहावीत गणितात गटांगळ्या खात होतो त्या वर्षी त्या तीस डझन झाल्या होत्या. कथेच्या शेवटी आप्पा डाव्या तळहातावरची लांब खूण दाखवत. ती दुकानातल्या कटिंग मशीनची. तिचा घाटाशी काही संबंध नव्हता, पण अर्जाला जशी साक्षांकित प्रत जोडतात, तशी ती कष्टाच्या प्रत्येक गोष्टीला जोडलेली असे.

अशा बापाच्या मुलाने त्याच घाटात मोटर लावून जायचे? बी.कॉम. झालो तरी एवढे मला कळत होते. मी घरात ‘गिअरची सायकल घेतोय’ एवढेच सांगितले आणि दुसऱ्या शनिवारी, बँक बंद असते म्हणून, पुण्याला गेलो.

सायकलच्या दुकानात पूर्वी ग्रीसचा वास येई. आता एअर कंडिशनरचा येतो. विक्रेता मुलगा चोवीस-पंचवीसचा असेल. त्याने मला एक चकचकीत सायकल दाखवली आणि म्हणाला, “सर, एका चार्जमध्ये सत्तर किलोमीटर.”

“कोणाला घेऊन?”

“म्हणजे?”

“म्हणजे बसणाऱ्याचं वजन किती धरलंय? रस्ता सपाट की चढाचा? मागे सामान आहे की नाही?”

त्याने माझ्या पोटाकडे एकदा पाहिले आणि नम्रपणे म्हणाला, “सर, अटी लागू.”

यावर मी गप्प बसलो. ज्याने बावीस वर्षे हेच वाक्य काउंटरच्या आतून म्हटले आहे, त्याला ते बाहेरून ऐकताना तक्रार करायचा हक्क नाही.

पण मुलगा हुशार होता. त्याने मला बरेच शिकवले. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, आणि गाडी तशी तपासून मान्य झालेली असली, की केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ती मोटार वाहन धरली जात नाही. नंबर नाही, लायसन नाही. कल्पनाही नवीन नाही. चाकाच्या तुंब्यात मोटर बसवलेल्या सायकलीचे पेटंट अमेरिकेत १८९५ साली एकाने घेतले होते. पायडल मारले तरच मोटरने मदत करायची, ही रीत मात्र अलीकडची. तशी सायकल जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ साली बाजारात आणली.

ही ‘पायडल मारले तरच’ भानगड मला फार आवडली. ही तर आमची कर्जयोजना! ग्राहकाने आधी आपला हिस्सा भरायचा, मग बँक आपला भरणार. त्यातही दोन प्रकार असतात. एकात सायकल फक्त पायडल फिरते आहे की नाही एवढेच बघते. नुसते पाय हलवा, मोटर मंजूर! दुसऱ्यात आपण पायडलवर किती जोर लावतो ते मोजून त्या प्रमाणात मदत मिळते. पहिला प्रकार निवडणुकीच्या वर्षातल्या योजनेसारखा, दुसरा आमच्या जुन्या मॅनेजरसाहेबांसारखा. मी दुसरा घेतला. जोर मोजून मदत देणारी सायकल बॅटरी जपून वापरते आणि पायांना काम सोडायची सवय लावत नाही.

मग प्रश्न आला मोटर कुठे असावी याचा. पायडलजवळ असली की ती चेन ओढते, त्यामुळे सायकलचे गिअर तिलाही उपयोगी पडतात आणि सामान घेऊन चढ चढताना ती सुखात राहते. पण चेन लवकर झिजते आणि किंमत लाखाच्या वर. चाकातली मोटर स्वस्त, साधी; पण हळू चढताना तापते, आणि त्या चाकाला पंक्चर झाले की आधी वायर सोडवा, मग जाडजूड नट सोडवा, असा सोहळा. मी चाकातली घेतली. कारण तांत्रिक होते: माझ्याकडे लाख रुपये नव्हते. पस्तीस हजारांत सौदा झाला.

निघताना मी विचारले, “उतारावर बॅटरी आपोआप चार्ज होत असेल ना?”

मुलगा म्हणाला, “सर, हे प्रत्येक जण विचारतो. नाही होत.” उतारावर ही मोटर आतून मोकळी सुटते, त्यामुळे वीज परत येत नाही. उतारावर आपल्याला मिळतो तो फक्त वारा. पूर्वी सायकलला डायनॅमो असे. पाय दिव्याला वीज देत. आता वीज पायांना ताकद देते. हिशोब उलटा झाला, पण फुकट तेव्हाही काही मिळत नव्हते, आताही मिळत नाही.

घरी आल्यावर आप्पांनी चष्मा पुसून सायकल पाहिली. “दांडीवर हे काय आहे रे?”

“डबा ठेवायची सोय,” मी म्हणालो.

आयुष्यात मी बापाशी फार खोटे बोललो नाही, आणि जे बोललो ते टिकले नाही. त्याच रात्री पाणी प्यायला उठलेल्या आप्पांना देवघराशेजारी लाल दिवा लागलेला दिसला. सकाळी चहाच्या वेळी ते शांतपणे म्हणाले, “तुझा डबा रात्रभर गरम होत होता. आता काढ. करपेल.”

त्यानंतर दोन दिवस ते सायकलबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. आप्पा रागावले की बोलतात. बोलत नाहीत तेव्हा काय समजावे, हे मला शेहेचाळीस वर्षांत उमगलेले नाही.

मी हिशोबात तोंड लपवले. बॅटरीवर ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर असे छापले होते. दोन्हींचा गुणाकार ३६० वॅट-अवर. हा एकच खरा आकडा. बाकी सगळी जाहिरात. विजेच्या बिलातले एक युनिट म्हणजे हजार वॅट-अवर. म्हणजे माझ्या सगळ्या पराक्रमाची किंमत अर्ध्या युनिटाहूनही कमी.

पुढचे गणित मुलीने करून दिले. ती अकरावी सायन्सला आहे आणि वडिलांचे अज्ञान तिला परीक्षेच्या सरावासाठी उपयोगी पडते. मी ७८ किलो, सायकल २४, सामान १८. एकूण १२०. वाईपासून पाचगणीपर्यंतचा चढ ५८० मीटर धरला. वजनाला ९.८ ने आणि उंचीने गुणायचे, ३६०० ने भागायचे. आले १९० वॅट-अवर. हे नुसते उचलण्याचे. टायरचे घासणे धरले की २२०. त्यातले नव्वदएक माझ्या पायांनी द्यायचे, उरलेले मोटरने. मोटर स्वतः तापण्यात जे खाते ते धरून बॅटरीतून जाणार १८०. म्हणजे निम्मी बॅटरी एका घाटात!

“आणि सामान कमी केलं तर?” मी विचारले.

तिने आकडेमोड केली. “एक किलो वर न्यायला दीड वॅट-अवर लागतो. अठरा किलोंचे अठ्ठावीस. तुमचे एकट्याचे एकशे तेवीस.” मग वही मिटून म्हणाली, “बाबा, खरं सामान तुम्हीच आहात.”

यात साताऱ्याहून वाईचे पस्तीस किलोमीटर होतेच. सामानासह किलोमीटरला सहा-सात वॅट-अवर धरले तरी २१० ते २४५. खर्च चारशेच्या आसपास, जमा तीनशे साठ. आणि बॅटरीत ओव्हरड्राफ्टची सोय नसते. तेव्हा वाईला जेवणाच्या वेळी चार्जिंग करायचे ठरले. चार्जर दोन अँपिअरचा. तासाला फार तर पंचाहत्तर वॅट-अवर भरणार. दोन तास धरले. वाईला आप्पांचे एक जुने दोस्त आहेत, तेही बाइंडरच. त्यांना फोन केला.

आता सामान. तीन दिवसांना माणसाला काय लागते याबद्दल नवरा आणि बायको यांचे एकमत झालेले घर मी पाहिलेले नाही. माझ्या यादीत दोन शर्ट, पंचा, पंक्चरचे सामान, पंप, स्पेअर ट्यूब, ब्रेकचे पॅड आणि चार्जर होता. सौ.च्या यादीत स्वेटर, मफलर, कानटोपी, लाडूंचा डबा, चिवडा, बाम आणि पाच मीटर वायरचे एक्स्टेन्शन बोर्ड होते.

“अगं, हे कशाला? मी काय मांडव घालायला चाललोय?”

“अहो, लोकांच्या घरात प्लग तुमच्या सायकलीला विचारून बसवलेला नसतो.”

मी बोर्ड दोनदा बाहेर काढले. ते दोनदा परत गेले. वाण्याच्या काट्यावर सगळे वजन केले तर एकोणीस किलो भरले. कॅरिअरवर ‘कमाल २५ किलो’ अशी चिठ्ठी होती, म्हणून मी सगळे मागे बांधले आणि गल्लीत चक्कर मारायला निघालो. पहिल्याच वळणाला पुढच्या चाकाने जमिनीशी असलेले संबंध कमी केले. सायकल हँडलच्या म्हणण्याप्रमाणे न जाता कॅरिअरच्या म्हणण्याप्रमाणे जाऊ लागली आणि मी समोरच्यांच्या तुळशीवृंदावनाला टेकलो.

त्या वेळी गॅलरीतून आप्पा उतरून आले. हातात जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या होत्या.

“मागे मोटर, मागे तू, मागेच सगळं सामान. चाक काय दगडाचं आहे?” ते म्हणाले. “सोड सगळं.”

मी सोडले. आप्पा खाली बसले. शहात्तराव्या वर्षी ते इतक्या सहज खाली बसलेले मी बऱ्याच दिवसांनी पाहिले. पुण्याच्या मुलाने ज्याला ‘पॅनिअर’ म्हटले होते त्या दोन्हीकडे लोंबणाऱ्या पिशव्या त्यांनी उलटसुलट केल्या. “ही तर पडशी. नवीन काय त्यात?” मग एकेक वस्तू हातात तोलून ते लावू लागले. जड ते तळाशी आणि आऱ्यांच्या जवळ. डावी-उजवी पडशी सारख्या वजनाची. थोडे ओझे पुढच्या चाकाजवळ घ्यायचे, म्हणजे हँडल नाचत नाही. हँडलला एका बाजूला काही टांगायचे नाही, दोरी तर मुळीच नाही. तिचे टोक सुटले की आऱ्यांत जाते. ट्यूबची पट्टी ताणली जाते, म्हणून खड्ड्यात सैल पडत नाही.

“मागच्या आऱ्या जाड आहेत का? छत्तीस? ब्रेक?”

“डिस्क ब्रेक आहेत, आप्पा. पुढे-मागे.”

“चांगलं. उतारावर दाबून धरू नकोस. दाब, सोड. दाब, सोड. सारखा धरलास तर तापतो आणि ऐन वेळी तोंड फिरवतो.”

जवळजवळ तासभर आम्ही बोललो. त्या तासात मोटरचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. दोन माणसे एकाच सायकलीच्या दोन बाजूंना बसून, तिच्यातल्या नेमक्या एकाच भागाबद्दल न बोलता, किती बोलू शकतात याचे मला आश्चर्य वाटले. शेवटची गाठ मारून ते उठले आणि म्हणाले, “वीस डझन वह्यांना हेच बांधायचो.”

वह्या वीसवर आल्या होत्या. मी मनात त्याची नोंद केली.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी सहाला निघालो. हेड कॅशियर निरोप द्यायला आले होते. त्यांनी सायकलकडे कमी आणि माझ्याकडे जास्त वेळ पाहिले. 

पहिल्या पस्तीस किलोमीटरबद्दल लिहायला नको वाटते. ठरवले होते की सपाटीवर मदत सर्वांत कमी ठेवायची आणि वीज घाटासाठी राखायची. पण समोरून वारा होता. शिवाय पाचवडच्या अलीकडे शाळेची तीन पोरे साध्या सायकलींवरून मला मागे टाकून गेली आणि त्यातल्या शेवटच्याने वळून माझ्या सामानाकडे बघत विचारले, “काका, भांडी विकता काय?” मी मदतीचे बटण तीनदा दाबले. पोरांना मागे टाकले. त्या आनंदाची किंमत वाईला कळली. बॅटरी पंचवीस टक्के उरली होती. मुदतठेव मोडून चैन करणाऱ्या ग्राहकांना मी आजवर जे उपदेश केले, ते सगळे मला त्या क्षणी आठवले.

आप्पांचे दोस्त वाटच पाहत होते. त्यांच्या दुकानात प्लग एकच, आणि तो देवाच्या फोटोशेजारी, सात फुटांवर. एक्स्टेन्शन बोर्ड काढताना मी साताऱ्याच्या दिशेने मनातल्या मनात नमस्कार केला.

जेवताना काका म्हणाले, “चांगलं केलंस, मोटरची घेतलीस. नाहीतर पसरणीचा घाट म्हणजे जीव काढतो.”

“आप्पा जायचे की,” मी म्हणालो. “वीस डझन वह्या घेऊन. बिनगिअरच्या सायकलवर.”

काकांचा घास हातात राहिला. “जायचा ना! ट्रकच्या साखळीला धरून.”

“काय?”

“अरे, मागच्या फाळक्याची साखळी लोंबायची. घाटाच्या तोंडाशी ट्रक हळू व्हायचे. तुझा बाप डाव्या हातानं साखळी धरायचा, उजव्या हातानं हँडल, आणि चालला वर! आम्ही सगळेच जायचो. ट्रकवाले ओळखीचे. चौऱ्याऐंशी साली बाबाच्या हातातून साखळी सटकली. मेणकापड, वह्या, सगळं दरीच्या बाजूला. हात सोलवटून निघाला. सहा टाके पडले. त्यानंतर मात्र ढकलत नेऊ लागला. तुला सांगितलं नाही त्यानं?”

मी काही बोललो नाही. माझ्या डोळ्यांसमोर कटिंग मशीन येत होते आणि जात होते.

एवढ्यात पंखा बंद पडला. वीज गेली होती. चार्जिंगला लावून पंचावन्न मिनिटे झाली होती. 

मी पाऊण तास वाट पाहिली. काका म्हणाले, “ही आता चारच्या आधी येत नाही.” पण डिसेंबरात घाटात अंधार लवकर पडतो, आणि चढावर अंधार गाठण्याइतका मी धाडसी नाही. खात्यात अंदाजे १६०. लागणार १८०. बँकेत मी असा चेक एका नजरेत परत केला असता. पण स्वतःचा चेक माणूस वेगळ्या नजरेने बघतो. निघालो.

घाट सुरुवातीला गोड बोलतो. मदत कमीत कमी ठेवून, सर्वांत हलक्या गिअरवर, ताशी नऊ-दहाच्या चालीने मी चढत राहिलो. मोटर गुणगुणत होती. मी पायडलवर जोर लावला की तीही लावायची; मी दमलो की तीही मान खाली घालायची. खाली कृष्णेचे खोरे आणि धोमच्या धरणाचे पाणी दिसू लागले. वळणावर एक म्हातारा शेळ्या घेऊन चालला होता. तो म्हणाला, “हळू हळू जावा.” दुसरे काही करणे मला शक्यच नव्हते.

पाचगणी दोन किलोमीटर राहिली असताना बॅटरीची शेवटची काडी लुकलुकली आणि गेली. गुणगुण थांबली. एकदम इतकी शांतता झाली की मला माझा श्वास ऐकू आला. आणि तो ऐकण्यासारखा नव्हता. चाळीसएक पायडल मारली. मग गुडघ्याने राजीनामा दिला. उतरलो आणि ढकलू लागलो.

चोवीस किलोंची सायकल आणि एकोणीस किलोंचे सामान. इतका वेळ आकडे होते. आता ते वजन झाले. त्याच वेळी एक टेम्पो गुरगुरत शेजारून गेला. माझ्याच चालीने. मागच्या फाळक्याला साखळी लोंबत होती, हातभर अंतरावर. माझा डावा हात हँडलवरून सुटलेला मी स्वतः पाहिला.

तो मी परत घेतला. धाडस कमी पडले म्हणा, किंवा सहा टाके आठवले म्हणा. पण त्या साखळीकडे बघताना आप्पा मला पहिल्यांदा नीट दिसले. कथेतले नव्हेत, पस्तिशीतले, पावसात भिजलेले, मागे वीस डझन वह्या आणि घरी पाच वर्षांचा मी. अशा माणसाला लोंबणारी साखळी दिसली तर तो काय तत्त्व आठवत बसेल? 

पाऊण तासाने पाचगणीत पोचलो. लॉजवाल्याने चार्जिंगचे पन्नास रुपये वेगळे लावले. मी त्याला युनिटचा हिशोब सांगू लागलो, पण मध्येच सोडून दिला. त्या संध्याकाळी वीज मला कोणत्याही भावात स्वस्त होती.

पुढचे दोन दिवस सुखाचे गेले. पाचगणी-महाबळेश्वर रमतगमत झाले. चिवडा संपला, मफलर वापरला. केळघर घाट ‘दाब, सोड, दाब, सोड’ करत उतरलो आणि सोमवारची रजा सत्कारणी लावून संध्याकाळी घरी आलो.

आप्पा गॅलरीतच होते. रात्री जेवणे झाल्यावर मी विचारले, “आप्पा, चौऱ्याऐंशी साली कटिंग मशीन कुठलं होतं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग तळहाताकडे. “तो भेटला वाटतं. त्याच्या पोटात काही राहत नाही.”

“पण मला खोटं का सांगितलंत?”

“तू तेव्हा पाच वर्षांचा. पुढे तुला सायकल घेऊन द्यायची होती. ट्रकला धरून जातो असं बापानंच सांगितलं असतं, तर तू काय केलं असतंस?”

मी काय केले असते ते दोघांनाही माहीत होते. मी म्हणालो, “मला वाटलं, मोटर घेतली म्हणून तुम्ही रागावलात. दोन दिवस बोलला नाहीत.”

“रागावलो कुठं? बघत होतो,” आप्पा म्हणाले. “म्हटलं, पोरगं लाजून खोटं बोलतंय, तर आता आपलं खोटं केव्हा सांगावं.” थोडे थांबून ते म्हणाले, “आम्हांला ही मिळाली असती ना, तर आम्ही नसतो लाजलो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सायकल मागितली. सामान काढलेले, मदत सर्वांत कमी. मी मागे धावायच्या तयारीत उभा. आप्पांनी पाय टाकला, एक पायडल मारले. मोटर गुणगुणली. गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. चेहरा पाहण्यासारखा होता. पण त्यांना कळू नये म्हणून मी ब्रेककडे पाहत राहिलो.

“ही साखळी बरी आहे,” ते उतरता उतरता म्हणाले. “हातातून सटकत नाही.”

तेव्हापासून रोज सकाळी दूध आप्पा आणतात. डेअरी तीन मिनिटांवर आहे. त्यांना पाऊण तास लागतो. रविवारी मला सायकल हवी असते तेव्हा बॅटरी रिकामी असते आणि डॉक्टरांना दाखवायला पोट तेवढेच शिल्लक असते. सायकल माझ्या नावावर घेतलेली असली, तरी खाते आता जॉइंट झाले आहे. बँकेच्या भाषेत, आयदर ऑर सर्व्हायव्हर. त्यातल्या शेवटच्या शब्दाकडे आम्ही दोघेही बघत नाही. बॅटरी तेवढी रात्री न विसरता लावतो.